गोडदेवचा खण

आमच्या हायस्कूलमध्ये नवीन आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी ठेच लागते. कोणी ढकलत नाही, कोणी पाय आडवा घालत नाही. व्हरांड्यातून सरळ चालत गेलं की पहिला वर्ग संपताना जमीन एकदम वीतभर वर येते. तिथून मुर्ध्याचा खण सुरू होतो. मुर्धा हे खाडीकाठचं गाव. उधाणाचं पाणी घरात शिरलेलं त्यांनी पाहिलेलं असल्यामुळे शाळेचं जोतंही त्यांनी घराच्या हिशेबाने बांधलं. इतर गावांना तो भित्रेपणा वाटला आणि त्यांनी आपापलं जोतं खालीच ठेवलं. मधे थोडा उतार करून घ्यावा असं आजवर कोणाला वाटलेलं नाही. मुर्ध्याचं म्हणणं, तुम्ही वर या. बाकीच्यांचं म्हणणं, तुम्ही खाली या. मुलं पाय उचलून चालायला शिकतात.

खरं तर कौलारू छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटींना कैच्या म्हणतात आणि दोन कैच्यांमधल्या जागेला खण. आमच्या शाळेत मात्र एका गावाने बांधलेला सगळा भाग म्हणजे एक खण. असे सहा खण ओळीने उभे आहेत: राई, मुर्धा, गोडदेव, पाली, उत्तन आणि भाईंदर गाव. वरचं आढं एकच आहे आणि समोरचा व्हरांडा एकच आहे. एवढ्या दोन गोष्टींवर एकमत झालं आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले.

प्रत्येक गावाने त्याला जे येत होतं ते बांधलं. पालीच्या गवंड्यांनी तोवर चर्च बांधलं होतं आणि चर्चच्या आजूबाजूची घरं बांधली होती. त्यामुळे पालीच्या खणाला उंच, कमानीच्या खिडक्या आहेत आणि मागच्या भिंतीत अर्धगोल कोनाडा आहे. त्यात फळा बसवला आहे. त्या वर्गात मुलं न सांगता हळू बोलतात. उत्तनच्या कोळ्यांनी कैचीसाठी मोडीत निघालेल्या होड्यांचं लाकूड वापरलं. फळ्या जिथे ठोकल्या होत्या त्या खाचा अजून दिसतात, आणि एप्रिलच्या उन्हात लाकूड तापलं की वर्गाला माशाच्या तेलाचा वास येतो. परीक्षा नेमक्या एप्रिलमध्येच असतात. गोडदेवचे लोक भातशेती करणारे. त्यांनी सरळ एक कोठार बांधलं. बैलगाडी आत यावी एवढं रुंद दार, आणि वर पेंढ्यासाठी माळा. शाळेत गाडी कशाला येईल, हे त्यांना कोणी विचारलं नसावं. नववीचा वर्ग त्या दारातून एकदम, शेजारी शेजारी बाहेर पडू शकतो आणि मधल्या सुट्टीत पडतोच. माळ्यावर नकाशे आणि लेझीम ठेवलेले असतात.

एकदा वास्तुशास्त्राचे काही विद्यार्थी मोजपट्ट्या घेऊन आले होते. त्यांनी दिवसभर मापं घेतली आणि संध्याकाळी आमच्या मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, की या इमारतीचा मूळ आराखडा पाहायला मिळेल का. बाई म्हणाल्या, कुठल्या गावाचा?

मी या शाळेत आले ती तत्त्व म्हणून. आम्ही परळहून गोडदेवला राहायला आलो तेव्हा मी बालवाडीत होते. बाबा कंपनीत आणि कामगार संघटनेत, आई महिलांच्या संघटनेत. आमच्याकडून रद्दीवाल्याकडे वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकंच जास्त जायची. मी अक्षरओळख त्यांच्यावरच केली. त्यामुळे बराच काळ माझी अशी समजूत होती, की कुठल्याही लिखाणाच्या शेवटी मागण्या असतात. आमच्या बिल्डिंगमधली इतर मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जायची आणि मी रेल्वेचे रूळ ओलांडणाऱ्या पुलावरून पश्चिमेला, मुर्ध्याच्या वाटेवरच्या या मराठी हायस्कूलमध्ये. गाव कुठलं असं कोणी विचारलं की मी परळ सांगायचे. घरी सगळे तेच सांगायचे. नववीचं पूर्ण वर्ष मी गोडदेवच्या खणात बसले, संध्याकाळी गोडदेवला परत गेले, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं ना मला वाटलं, ना शाळेत कोणाला.

मागच्या वर्षी मार्चमध्ये बाईंचा फोन आला. मला त्यांनी इतिहास शिकवला होता. इमारतीची तपासणी झाली होती आणि गोडदेवच्या खणाची कैची एका टोकाला कुजलेली निघाली होती. जूनच्या आत दुरुस्ती करा, नाहीतर सगळी इमारत रिकामी करा, अशी नोटीस होती. बाकीचे पाच खण ठणठणीत होते.

मी विचारलं, मग दुरुस्ती करायला अडचण काय आहे?

बाई म्हणाल्या, सहा वर्षं या शाळेत काढूनही हे तू विचारतेस? आमच्या शाळेत आपल्या खणाला फक्त आपलं गाव हात लावतं. दर वर्षी मे महिन्यात शाकारणी होते, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची, तेव्हाही प्रत्येक गावाची माणसं येतात, आपल्यापुरतं छप्पर नीट करतात आणि जातात. फार पूर्वी मुर्ध्याच्या माणसांनी भलेपणाने राईची दोन-चार फुटकी कौलं बदलून टाकली होती. दुसऱ्या दिवशी राईचे लोक आले, त्यांनी ती चांगली कौलं काढून मुर्ध्याच्या बाजूला रचून ठेवली आणि आपली फुटकी परत लावली. त्या पावसाळ्यात राईच्या वर्गात मुलं छत्र्या उघडून बसायची. पण गळती त्यांची स्वतःची होती.

गोडदेवकडून शाकारणीला कोणी येऊन बरीच वर्षं झाली होती. शाळा चालवणाऱ्या संस्थेत प्रत्येक गावाचा एक विश्वस्त असतो. गोडदेवची खुर्ची बैठकीत मांडतात आणि ती रिकामी राहते. उरलेल्या पाचांना कैची कुजल्याचं वाईट वाटत होतं. त्यांनी तसा ठरावही केला होता.

"एका बिल्डरचं बोलणं आहे," बाई म्हणाल्या. "तो इथे टॉवर बांधेल, खालचे दोन मजले शाळेला देईल. तोवर मुलांची सोय दुसरीकडे. तुला सांगते, ही मुलं एकदा इथून उठली ना, की परत बसायची नाहीत. आधीच पट किती आहे तू बघतेस. मला जूनमध्ये शाळा याच इमारतीत उघडायची आहे. नाही उघडली तर ती उघडतच नाही."

मला काय करायचं ते लगेच कळलं. मी पत्रक लिहिलं.

मथळा होता ‘एकजुटीचा वारसा वाचवा’. सहा गावांच्या कष्टकऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, मिठागरांवर राबणाऱ्यांनी जातधर्माच्या भिंती पाडून ज्ञानाची भिंत उभी केली, असं पहिलं वाक्य होतं. बाबांनी ते वाचून दोन मागण्या वाढवल्या. आईने सगळी विशेषणं काढली. मी त्यातली निम्मी परत घातली. दुसऱ्या दिवशी मी छापून आणलेला गठ्ठा घेऊन मुर्ध्याला गेले, कारण मुर्ध्याचे विश्वस्त सगळ्यांत बोलके आहेत असं बाई म्हणाल्या होत्या.

ते घराच्या ओट्यावर बसले होते. समोर पूर्वी मिठागर होतं. आता तिथे भराव टाकलेला होता आणि ‘साइट ऑफिस’ अशी पाटी होती. शाळेतली मुलं त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काका म्हटलं. त्यांनी पत्रक घेतलं, चष्मा शोधायला सुनेला हाक मारली आणि ओळीखाली बोट धरून पूर्ण वाचलं. आमच्या पत्रकांच्या बाबतीत हे सहसा घडत नाही.

"हे कोनी लिवलंय?"

"मी."

"एकजूट कुठं बघितलीस तू?"

मी म्हटलं, सहा गावांनी मिळून शाळा बांधली, म्हणजे एकजूटच झाली. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेली हकिगत त्यांनी मला सांगितली. शाळा बांधायची असं ठरलं तेव्हा सगळी गावं एका वडाखाली बसली. चुना कोणी आणायचा, यावर पहिली बैठक मोडली. जो आणेल तो त्यात रेती मिसळेल, अशी बाकीच्यांची खात्री होती. लाकूड कोणी आणायचं यावर दुसरी बैठक मोडली. तिसऱ्या बैठकीत कोणीतरी उठून म्हणालं, आम्ही आमचं बांधतो, तुम्ही तुमचं बांधा, मग लोक बघतीलच. आणि तसंच झालं. दिवसभर आपापलं काम करायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या गावाची भिंत बघायला जायचं. दुसऱ्याची हातभर जाड असली की दुसऱ्या दिवशी आपली त्याहून चार बोटं जास्त धरायची.

"म्हनून भिंती जाड हायत," काका म्हणाले. "एकी असती तर एकच कंत्राटदार लावला असता. मग ती बिल्डिंग कवाच पडली असती."

मी पिशवीतला गठ्ठा पायाने जरा मागे सरकवला.

मी मुद्द्यावर आले. म्हटलं, झालं गेलं ते असो, पण आता बाकीच्या पाच गावांनी मिळून गोडदेवची कैची दुरुस्त केली तर शाळा वाचेल. काकांनी बशीतला चहा संपवला. शाळा पडावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. त्यांची नात सातवीत होती. पण त्यांच्या वडिलांनी गोडदेवच्या भिंतीला कधी हात लावला नव्हता आणि तेही लावणार नव्हते. आज त्यांनी लावला तर उद्या राई म्हणेल, खण मुर्ध्याने गिळला.

"गोडदेवचा मानूस आन. तो म्हनला तर कायपन करू."

मी म्हटलं, गोडदेवमध्ये माणसांना काय तोटा आहे? चालायला जागा नाही.

"ते बिल्डिंगवाले. ते गोडदेवचे न्हाय."

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. स्थलांतरितांच्या हक्कांवर मी तोवर बरंच लिहिलं होतं. पण मी मान डोलावली, कारण आमच्याही घरी तेच मत होतं.

मग मी मूळ गोडदेवचा माणूस शोधायला निघाले. गोडदेवला शेत नाही, बैल नाही, कौलारू घर औषधालाही नाही. एक देऊळ आहे, त्याच्या मागे बुजवलेली विहीर आहे आणि बाकी सगळ्या इमारती, एकमेकींच्या खिडकीतून मीठ मागता येईल इतक्या जवळ. देवळातल्या गुरवाने मला एका टॉवरचा पत्ता सांगितला. तिथे वरच्या मजल्यावर एक आजोबा राहत होते. टॉवर त्यांच्याच शेतात उभा होता. रिकाम्या खुर्चीवर शेवटचे बसलेले विश्वस्त ते त्यांचे थोरले भाऊ.

आजोबांना खण आठवत होता. लहानपणी त्यांनी तिथल्या नव्या भिंतींवर पाणी मारलं होतं. दार एवढं मोठं का, असं मी विचारलं तर ते म्हणाले, दार लहान ठेवलं तर लोकांना वाटेल बैल न्हाय यांच्याकडे. मग मी कैचीचं सांगितलं. त्यांनी घरची माणसं बोटांवर मोजली. मुलं वसईला आणि विरारला गेली होती. पुतणे होते, पण त्यांचं आपसात कोर्टात चालू होतं आणि शिडीच्या दोन बाजू ते एकत्र धरतील अशी शक्यता नव्हती.

"माझं गुडघं गेलं," ते म्हणाले. "आता गोडदेव म्हंजे तुमीच. तुमच्या सोसायटीला सांग."

मी म्हटलं, मुर्धेवाले ऐकणार नाहीत.

"मी सांगतो म्हनावं. मला उचलून न्या, मी तिथं येऊन सांगतो."

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. बाबा उभ्या आयुष्यात कुठल्याही श्रमिकाच्या मागे उभे राहायला कचरले नव्हते. ते म्हणाले, तत्त्वतः बरोबर आहे, पण आपण मूळचे परळचे. आई गवार निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, लाइट बिलावर काय लिहिलंय? बाबा म्हणाले, प्रश्न पत्त्याचा नाही, मुळांचा आहे. आई म्हणाली, इतकी वर्षं इथल्या टँकरचं पाणी पितोय, मुळं परळला गेली असतील तर पाइप फार लांब आहे. बाबांनी तो दिवस विचारात घालवला. दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले आणि रविवारच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत शाळेचा विषय घालून आले. तो गच्चीच्या गळतीनंतर आणि कुत्र्यांच्या आधी होता.

आमचे सेक्रेटरी गुजराती आहेत. भाईंदर पूर्वेला त्यांचा स्टीलची भांडी बनवायचा गाळा आहे. बैठकीत ते मला आधी बोलायला देतात, म्हणजे मी लवकर संपते असा त्यांचा अनुभव आहे. मी उभी राहिले. शिक्षणाचा हक्क, मातृभाषा, बिल्डरांचा डोळा असलेल्या जमिनी, श्रमिकांनी उभारलेल्या संस्था, सगळं बोलले. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, छान बोलते. कोणीतरी विचारलं, पण ती जागा कोणाची आहे? दुसऱ्याने विचारलं, आपली मुलं तिथे जातात का? जात नव्हती. माझ्यानंतर कोणीच गेलं नव्हतं. सेक्रेटरी कुत्र्यांच्या विषयाकडे वळले.

तेव्हा बाबा बसल्या जागेवरूनच म्हणाले, की तसंही आपण काही करू शकत नाही, कारण मुर्ध्याच्या लोकांचं म्हणणं आहे, बिल्डिंगवाले गोडदेवचे नाहीतच.

बाबांनी हे मुद्दाम म्हटलं की फक्त माहिती म्हणून, ते अजून सांगत नाहीत. सेक्रेटरींनी हातातला कागद खाली ठेवला.

"कौन बोला?"

मी म्हटलं, मुर्ध्याचे काका.

"मुर्धावाला कौन होता है बोलनेवाला? बेन, इधर रस्ता नव्हता ना, तवापासून हम यहाँ है."

चौथ्या मजल्यावरच्या भाभी, ज्या बैठकीला फक्त पार्किंगसाठी यायच्या, त्या म्हणाल्या, की त्यांची दोन्ही मुलं इथेच जन्मली, तर मग ती कुठली झाली? तळमजल्यावरचे काका मूळचे साताऱ्याचे, आणि हे ते दर भेटीत सांगतात. तेही म्हणाले, की हे जरा जास्तच झालं. पुढचा अर्धा तास बैठकीत असा एकही माणूस नव्हता जो गोडदेवचा नव्हता. मी शिक्षणाच्या हक्काबद्दल पुन्हा एक वाक्य बोलले, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. कुत्र्यांचा विषय पुढच्या महिन्यावर गेला.

मी घरी जाऊन दुसरं पत्रक लिहिलं. त्यात एकच ओळ होती: ‘मुर्धेकर म्हणतात, आपण गोडदेवचे नाही.’ मागणी नव्हती. ते मी आमच्या आणि शेजारच्या इमारतींच्या लिफ्टमध्ये लावलं. माझ्या आजवरच्या लिखाणाला मिळालेला सर्वांत मोठा प्रतिसाद त्याला मिळाला.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्याच आठवड्यात पावसाळी शेड घालायची होती. भाईंदरमध्ये जुन्या इमारतीला वरून पत्र्याची शेड घालतात, कारण स्लॅब गळतो आणि त्याच्यावर दुसरा इलाज आजवर कोणाला लागू पडलेला नाही. सेक्रेटरींनी शेडवाल्याला गच्ची करून झाल्यावर शाळेत यायला सांगितलं. बाईंनी इंजिनीअर आणला. त्याने सांगितलं, कैचीचं कुजलेलं टोक कापून तिथे लोखंडी जोड द्या. सेक्रेटरींनी लोखंड ऐकून नाक मुरडलं. लोखंडाला गंज लागतो. त्यांनी आपल्या गाळ्यातून स्टेनलेस स्टीलच्या जाड पट्ट्या कापून आणल्या, इंजिनीअरला दाखवल्या, त्याने होकार दिला, आणि पट्ट्या बसवण्याआधी सेक्रेटरींनी त्या सवयीने पॉलिश करून घेतल्या.

कामाच्या रविवारी आम्ही आजोबांना रिक्षातून शाळेत आणलं. पाचही गावांचे लोक आपापल्या खणासमोर व्हरांड्यात बसले होते. मदतीला म्हणून कोणी आलं नव्हतं. आजोबा खुर्चीवर बसूनच मुर्ध्याच्या काकांना म्हणाले, ही आमची मानसं. काकांनी आमच्याकडे पाहिलं. सेक्रेटरी, भाभी, साताऱ्याचे काका, बाबा, शेडवाल्याचे दोन वेल्डर आणि मी. काका म्हणाले, बरं. मग आजोबांनी पट्टीला हात लावला आणि काम सुरू झालं.

माझा आणि सेक्रेटरींचा वाद त्यानंतर झाला. मी गृहीत धरलं होतं की कौलं परत बसतील. त्यांनी टेम्पोतून निळे पत्रे उतरवले. गच्चीवर घातले तेच.

मी म्हटलं, ही वारसा इमारत आहे, तिच्या छपराचं स्वरूप बदलता येणार नाही. जुनी कौलं मिळतात, मी शोधून आणते.

"कौल गळतं, बेन. पत्रा नाय गळत."

मी इतिहासाबद्दल बोलले. त्यांनी वॉरंटीबद्दल सांगितलं. बाबांकडे पाहिलं तर ते म्हणाले, सौंदर्यदृष्टीचा प्रश्न दुय्यम असतो. घरी एरवी ते असं म्हणत नाहीत. शेवटी मी मुर्ध्याच्या काकांकडे गेले. काही झालं तरी ते जुने विश्वस्त. सहा गावांच्या लाल कौलांमध्ये एक निळा पट्टा ते खपवून घेणार नाहीत, याची मला खात्री होती.

काका विडी ओढत पत्रे बघत होते. त्यांनी मला सगळं बोलू दिलं.

"वाईट दिसल," ते म्हणाले.

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी कशाला सांगू? त्यांचा खन हाय. त्यांना येतं तसं ते बांधतील."

बाई व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, की या पत्र्याखाली जूनमध्ये नववी बसेल ना? मी म्हटलं, बसेल. त्या म्हणाल्या, मग जरा ती शिडी धर, वेल्डर कधीचा बोलावतोय.

मी शिडी धरली.

काम संपलं तेव्हा पालीच्या एका आंटीने आमच्या खणाची भिंत मुठीने वाजवून पाहिली आणि त्यांच्या भिंतीपेक्षा पातळ आहे असं आपल्या लोकांना जाऊन सांगितलं. सेक्रेटरींनी ते ऐकलं. पुढच्या रविवारी ते रंगारी घेऊन आले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी दोन पंखे. तोवर राईच्या खणात तीनच पंखे होते. मग चार झाले.

इंजिनीअरने लेखी दिलं, तपासणी पुन्हा झाली, नोटीस मागे घेतली गेली. जूनमध्ये शाळा त्याच इमारतीत उघडली आणि बाईंनी घंटा स्वतः वाजवली. पट फार वाढला नाही. चौथ्या मजल्यावरच्या भाभींनी धाकट्याला पाचवीत घातलं. शाळेसाठी नाही, तर बघायला, की आपला खण हे लोक नीट वापरतात की नाही. पाऊस जोरात आला की पत्र्याखाली शिकवलेलं ऐकू येत नाही, म्हणून नववीच्या शिक्षकांनी वेळापत्रक बदलून ठेवलं आहे. आभाळ भरून आलं की बीजगणित. ते फळ्यावर होतं. या वर्गाचं बीजगणित इतर वर्गांपेक्षा बरं आहे असं ऐकते.

वास्तुशास्त्राचे विद्यार्थी पुन्हा येऊन गेले. त्यांना निळ्या पट्ट्याचा फार राग आला. त्यांनी मला विचारलं, की हे कोणी होऊ दिलं. मी सांगितलं, गोडदेवने. हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगत होते आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात शाकारणीला गोडदेवचं माणूस पाठवायचं होतं. सोसायटीने ठराव करून बाबांना नेमलं. बाबांनी प्रातिनिधिक लोकशाहीवर थोडं बोलून मला पाठवलं. पत्र्याला शाकारणी लागत नाही, पण बोल्ट ढिले होतात आणि त्यांच्याखालचे रबरी वॉशर उन्हाने तडकतात. तेवढे बघायचे आणि बदलायचे. मी पाना आणि वॉशरची पिशवी घेऊन वर चढले. डावीकडे मुर्धा होतं, उजवीकडे पाली. सगळ्या छपरावर माणसं आपापल्या हद्दीत वाकून काम करत होती आणि एकमेकांच्या कौलांबद्दल बोलत होती. पत्रा इतका तापला होता की चपलेतून चटका लागत होता. मुर्ध्याच्या बाजूच्या शेवटच्या बोल्टला हात पोचेना, म्हणून मी एक पाय पलीकडच्या कौलांवर टेकवला.

"ए गोडदेव," मुर्ध्याचे काका ओरडले. "पाय काढ आमच्या कौलावरून."

मी पाय काढला. बोल्ट तसाच राहिला. मग उतरून, शिडी आमच्या बाजूला लावून, परत चढले आणि तो आपल्या पत्र्यावरूनच आवळला.